दोरावरून

पश्चिमेच्या गोलामागे त्या रविवारी संध्याकाळी अकरा माणसं, दोन सायकली आणि एक बांधलेली शेळी होती. गोलाचे दोन खांब सागाचे, चुना फासलेले, आणि त्यांच्या डोक्यांवरून ताणलेला एक सणाच्या वाखाचा दोर. आडवी दांडी नव्हती, जाळी नव्हती. दोरामागे नऊ फुटांवर कापसाच्या जिनाची भिंत, ढालीच्या सामन्यासाठी म्हणून शुक्रवारीच पांढरी केलेली. मधल्या नऊ फुटांत ही अकरा माणसं. उजव्या खांबाशी सुकलाल शिंपी. त्याच्या शेजारी रेल्वेचे दोन पोर्टर. मग कोळद्याचे चार शेतकरी, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि तरी ते दर दोन मिनिटांनी ऑफसाइड म्हणून ओरडत होते. मग चांदमल स्वतः. मग डाव्या खांबापर्यंत तीन अनोळखी गडी, त्यातला एक वाऱ्याकडे पाठ करून बिडी पेटवत होता. एक, दोन, चार, एक, तीन. तेव्हापासून चांदमल ही बेरीज करत होता आणि दर वेळी ती अकराच येत होती. अकरांपैकी दहा जण 'गोल' म्हणून ओरडले होते. ते नंदुरबारच्या बाजूचे होते, ओरडणारच. त्यांचं ओरडणं कुणी जमेस धरलं नाही. न ओरडलेला एकच होता, आणि म्हणूनच त्याला विचारलं गेलं.

विचारलं कसं, तेही त्याला दर वेळी नव्याने आठवे. शहाद्याचा एक गोल झालेला, नंदुरबारचा एकही नाही. मध्यंतरात पावसाची सर येऊन गेल्यामुळे काळ्या मातीचा राडा झालेला, आणि चार-पाच मिनिटांचा खेळ उरलेला. आमशाने चेंडू घेतला. आमशा जिनातला हमाल, अक्राणीच्या डोंगरातला, अनवाणी खेळणारा. संघातले बाकीचे बूट घालून जितकं पळत, तितकं तो चिखलात उभ्या उभ्या करी. बारा पावलांवरून त्याने मारलं. चेंडू गोलरक्षकाच्या हातांवरून गेला. अकरा माणसं खाली वाकली, शेळी ओरडली, आणि शिट्टी वाजलीच नाही. रेफरी हिंमतराव, तळोद्याकडचे ड्रिल मास्तर, मैदानाच्या मध्याशी एका हातावर रेलून चिखलातून उठत होते. ते उठले, पळत आले, दोराकडे पाहिलं, दोर काही बोलेना. चारी बाजूंनी गलका. त्या गलक्यात नवल पाटलाने, नंदुरबार संघाचा सगळा कारभार वाहणाऱ्या नवलने, हात वर केला आणि म्हणाला, "भांडू नका रे! चांदमलशेठले इचारा. मांगेच उभा शे तो. तो सांगी तेच खरं." शहाद्याच्या कप्तानाने मान हलवली. त्याच्या घरचं लग्नाचं कापड चांदमलच्या दुकानातून जाई. हिंमतराव दोराखालून वाकून आत आले. त्यांच्या कपाळावर चिखलाची एक रेघ होती. त्यांनी विचारलं, "शेठ, वरून की खालून?"

"दोरावरून," चांदमल म्हणाला.

आणि चांदमलचे डोळे मिटलेले होते. बोलताना नाही. बोलताना ते चांगले उघडे होते, स्वच्छ, गिऱ्हाइकाकडे पाहावं तसे. चेंडू येताना मिटलेले होते. पजूसण चालू होतं, जैनांचे भाद्रपदातले व्रताचे आठ दिवस. खरं तर या दिवसांत त्याने मैदानाकडे फिरकायलाच नको होतं. निघताना त्याने बायकोला, लहरीबाईला, सांगितलं होतं की शेवटचाच सामना आहे, पाहून येतो. ती डोळे वर न करता म्हणाली होती, "जावो भलां. मन तो अठै ई छोड जावो." मन इथेच ठेवून जा, म्हणे. तो हसला होता आणि मन घेऊन गेला होता. बावीस वर्षं तो फुटबॉल पाहत होता. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या कुणा गार्डने स्टेशनच्या अंगणात पहिला चेंडू उडवला, तेव्हापासून. नंदुरबारच्या प्रत्येक सामन्याचे गोल त्याला तिथीसकट पाठ होते. पण या बावीस वर्षांत त्याने चेंडूला एकदाही हात लावला नव्हता. चेंडू चामड्याचा. त्याच्या पायात बारमाही कॅनव्हासचे बूट, कमरेला कापडी पट्टा. पैशाचं पाकीटसुद्धा मांजरपाटाचं. एरवी चेंडू अंगावर आला तर तो बाजूला सरे. पण त्या दिवशी, पजूसणाच्या सहाव्या दिवशी, चिखलाने काळा झालेला तो ओला चामड्याचा गोळा सरळ तोंडासमोर आला आणि त्याच्या अंगाने त्याला न विचारता मान आत ओढली, डोळे बंद केले, ओठसुद्धा घट्ट मिटले. केसांवरून वारा गेला. आवाज मागे, वर झाला. डोळे उघडले तेव्हा शेळी दाव्याला ओढत होती आणि चेंडू तिच्या पायांत होता. वारा डोक्यावरून गेला, आवाज डोक्याच्या वर झाला, म्हणजे वरून. एवढंच त्याच्याकडे होतं. हिंमतरावांनी विचारलं तेव्हा 'मला दिसलं नाही' हे तीन शब्द त्याच्या जिभेवर आलेच नाहीत, असंही नव्हतं. ते आले होते. पण सगळं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि ज्याच्याकडे सगळे खऱ्यासाठी पाहतात त्याने मला माहीत नाही म्हणायचं, हे त्याला त्या क्षणी काहीतरी कमी दिल्यासारखं वाटलं.

सोमवारी गणपती बसले. दुकान अर्धा दिवस उघडं होतं. ओट्यावर सुकलालचं शिवणयंत्र चालू होतं आणि त्याच्यासमोर नवल पाटील गादीच्या कडेला बूड टेकून, पण बसलेला नाही असा, बोलत होता.

"रेफरी म्हनतस का त्याले? चिखुलमा लोयनारा मानूस. पडेल मानूसले आभाय दिसस, गोल कसा दिसी?"

"म्हनीसनच त्यानी शेठले इचारं ना, नवलभाऊ," सुकलाल यंत्र न थांबवता म्हणाला. "आन बोट कोनी दखाडं? तूच."

"मी दखाडं ते बराबर शे. शेठ खोटं बोलनार नही. त्याना शब्दले मी नाव ठेवत नही. मन्हा राग रेफरीवर शे. लोकेसले इचारीसन निकाल देस, तो कसाना रेफरी? उद्या डागदर रोगीलेच इचारी, बाबा, गोई कोनती दिऊ?"

"डागदर इचारसच ना. कोठे दुखस म्हनीसन."

"तू सुई टोच, सुकलाल. बोलू नको." नवल हसला नाही. "मी कमिटीले अर्ज देल शे. असा रेफरी आम्हले मान्य नही. सामना परत खेयाडा. आन आपलं बी काही खरं नही. बॅक म्हनजे मोकया गोठा, कोनी बी येवो, कोनी बी जावो. आन तो आमशा! बारा पावलंवरतीन, आख्खा गोल मव्हरे उघडा, आन भाऊ मारस कोठे, तर वर! महू पीसन उना व्हई. धुळाना सामनाले मी त्याले लई जात नही. कचेरीमा नवा कारकून उना शे, त्यानापान बूट शेत."

"आमशा पेत नही," सुकलाल म्हणाला.

"मंग वर कसा मारा?"

चांदमल त्या वेळी एका बाईला सहा वार मांजरपाट मोजून देत होता. लोखंडी गज कापडावर पडे, अंगठ्याने खूण होई, कापड सरके, आणि तो मोठ्याने म्हणे: एक. दोन. तीन. मोजणं मोठ्याने म्हणायचं, ही या दुकानाची वडिलांपासूनची रीत होती. गिऱ्हाइकाने डोळे मिटले तरी त्याला कळलं पाहिजे की काय चाललं आहे. आणि शेवटच्या वाराला कात्री गजाच्या टोकाला लावायची नाही, चार बोटं पुढे लावायची. पारसमल, त्याचे वडील, मारवाडातून आले तेव्हा गावात त्यांना कुणी उभं करत नव्हतं. आलेला माणूस कमी देणारच, हे सगळ्यांनी धरलेलं. तेव्हा त्यांनी ही चार बोटं सुरू केली. "आपां कानी सूं चार आंगळ," ते म्हणत. आपल्या बाजूने चार बोटं. चांदमल दहा वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या हातात कात्री देऊन ती चार बोटं दाखवली होती, त्याचीच बोटं कापडावर आडवी ठेवून. तेव्हा ती फारच लहान होती आणि वडील म्हणाले होते, मोठा होशील तसं जास्त देशील. पुढे पुढे चार बोटं ही नुसती कापडातली गोष्ट राहिली नाही. वाटणीत, साक्षीत, शेजाऱ्याच्या भांडणात, जिथे जिथे त्याला विचारलं गेलं, तिथे तो आपल्या बाजूची चार बोटं सोडत आला. लोक त्यालाच खरेपणा म्हणत. त्यालाही ते तसंच वाटत आलं. आज मोजताना चार म्हणून झालं, पाच म्हणताना त्याचा हात थांबला. आता हे पाच होते की सहा? बाई त्याच्याकडे पाहत होती. त्याने कापड उलगडलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. सुकलालचं यंत्र थांबलं. गेल्या कित्येक वर्षांत या दुकानात कापड दुसऱ्यांदा मोजलं गेलं नव्हतं.

दोर किती उंच होता? हे त्याला माहीत नव्हतं. आठ फूट असायला हवा, असं हिंमतराव म्हणाले. ते दुपारी दुकान बंद करायच्या वेळी आले, टोपी हातात घेऊन, आणि गादीवर न बसता उभेच राहिले.

"मी तुमचे आभार मानायला आलो, शेठ."

"कशाबद्दल?"

"मला काहीच दिसलं नव्हतं. त्याच क्षणी पाय सटकला. न दिसलेला गोल द्यायचा नाही, एवढं पुस्तकात आहे. पण न दिसलेला गोल नाकारायचा कसा, ते नाही. तुम्ही नसता तर मी गोल दिला असता. दहा जण ओरडत होते, आणि मारणाऱ्याचे दोन्ही हात वर होते. मारणाऱ्याला बहुधा कळतं." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्यामुळे चुकीचा गोल द्यायचा वाचलो. तुमच्या गावाविरुद्ध तुम्ही बोललात. असं कुणी बोलत नाही. मी मुलांना वर्गात सांगणार आहे."

चांदमलने त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले, गाडीची वेळ झाली होती. त्यांच्या पाठीकडे, धुऊनही पिवळट राहिलेल्या सदऱ्याकडे तो पाहत राहिला. मारणाऱ्याचे दोन्ही हात वर होते. हे त्याला माहीत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा त्याने शेळी पाहिली होती. त्याच्या अकरांच्या हिशेबात बारावा नव्हताच कधी. तो गोलाच्या पुढच्या बाजूला, बारा पावलांवर, हात वर करून उभा होता. आणि जर ते हात खरे असतील, तर रविवारी दोराखाली उभं राहून त्याने जी चार बोटं सोडली, ती कुणाच्या कापडातून? आपल्या नव्हे. आपला त्यात सूतभरही नव्हता. गाव हरलं, पण गावाने त्याला नाव ठेवलं नाही. उलट त्याचं नाव वाढलं. शहाद्यात वाढलं, तळोद्याच्या शाळेत वाढणार होतं. आणि आमशा दारू पिऊन आला होता, असं आता गावात धरलं गेलं होतं, कारण दुसरं कारण कुणाला सापडत नव्हतं. दुसरं कारण एकाच माणसापाशी होतं.

मंगळवारी संवत्सरी, पजूसणाचा शेवटचा दिवस. निर्जळी उपास. जैन स्थानकात दिवसभर माणसं बसून होती. ओल्या कापडांचा आणि लाकडी पाटांचा वास, बाहेर गुलाल, लांबून एखादा ढोल. चांदमल भिंतीला न टेकता बसला होता. भूक दुपारपर्यंत होती, मग गेली, आणि तिच्या जागी एक हलकं, चुरचुरणारं काहीतरी आलं, कान फार स्वच्छ झाल्यासारखं. त्या स्वच्छ कानांनी तो चेंडूचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होता. मागे आणि वर. किती वर? आवाजाला गज लावता येत नाही. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात सगळ्यांबरोबर त्याने चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जीवांची क्षमा मागितली, जाणता-अजाणता जे झालं त्याची. पाण्यातल्या जीवांची, मातीतल्या, हवेतल्या. दर वर्षी हे म्हणताना त्याला मोकळं वाटे. यंदा ते शब्द त्याला फार सैल वाटले, मापाला खूप मोठा शिवलेला सदरा अंगात घातल्यासारखे. चौऱ्याऐंशी लाखांत एक आमशा कुठे सापडणार? आणि जाणता, की अजाणता? यांतलं कुठलं धरायचं? डोळे मिटले, ते अजाणता. तोंड उघडलं, ते? घरी परतताना लहरीबाई मागून चालत होती. ती एकदम म्हणाली, "थे तीन दिन सूं कांई गिणो हो?" तीन दिवस झाले, काय मोजताय? तो म्हणाला, माणसं. ती दोन पावलं पुढे आली. थोड्या वेळाने म्हणाली की दूध कोमट पाहिजे का गरम, पारण्याला. त्याला रडू येईल असं वाटलं, दुधासाठी.

बुधवारी पारणं झालं आणि कमिटीचा माणूस कागद घेऊन आला. नवलच्या अर्जावर दुपारी बैठक होती. सामना पुन्हा खेळवायचा की ढाल शहाद्याला द्यायची, ते ठरणार होतं, आणि तोवर मैदानावरचं काही हलवू नये असा हुकूम होता. कमिटीच्या वकीलसाहेबांनी चांदमलचा जबाब स्वतःच, सुबक अक्षरात, लिहून पाठवला होता. शेठना तसदी नको, नुसती सही. 'मी गोलामागे उभा होतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले की चेंडू दोरावरून गेला.' खाली सहीसाठी रेघ. चांदमलने कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवली. माणूस म्हणाला, इथेच सही केली असती तर. चांदमल म्हणाला, येतो घेऊन.

पारण्यानंतर सगळ्यांकडे जाऊन क्षमा मागायची असते. खमतखामणा. आधी घरातले, मग भाऊबंद, मग व्यापारी, मग गावातले ओळखीचे. त्याने नऊ घरं केली. नऊही घरांत हात जोडले गेले, खोबऱ्याचा तुकडा पुढे आला आणि तीनदा तरी कुणीतरी म्हणालं, शेठ, रविवारी कमाल केलीत. दहावं घर झुंबरलालचं होतं. त्याच्या दारापर्यंत जाऊन चांदमल वळला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. आमशाला या दिवशी आपल्यातला कुणी क्षमा मागायला गेल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. काय म्हणायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. दारू प्यायचा आळ माझ्यामुळे, असं म्हणायचं? की नुसतं खमतखामणा म्हणायचं आणि परत फिरायचं? तो शब्द त्यासाठीच तर असतो, कशाची क्षमा ते सांगावं लागू नये म्हणून. चालताना खिशातला कागद मांडीला लागत होता.

पावसाळ्यात जीन बंद असे. कापूस दिवाळीनंतरचा. आमशा एवढाच राखणीला असे, आणि मिस्त्री यंत्रांना तेल द्यायला येई. मैदान मोकळं होतं. चिखल वाळून त्यात पायांचे ठसे उमटलेले, बुटांचे आणि अनवाणी. दोर तसाच होता. आमशा भिंतीच्या सावलीत बसून एका पोत्याला सुतळीने शिवण घालत होता. शेठला पाहून तो उठला.

"शेठ? आठे कसा काय?"

"आमशा, खमतखामणा," चांदमल हात जोडून म्हणाला.

"ते काय शे?"

"आमन्हामा ऱ्हास. वरीसभरमा मन्हाकडतीन काही चुकनं व्हई, त्यानी माफी."

आमशा हसला. "तुमन्हाकडतीन?" त्याने खांद्यावरचा पंचा धरून दाखवला. "हाऊ तुमन्हाच दुकानना शे. चार बोटं जास्तच दिधा तुम्ही."

चांदमलला त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधायचा होता. तो नव्हता. म्हणून तो दुसरीकडे पाहू लागला, आमशाच्या डोक्यावरून, भिंतीकडे. पांढऱ्या भिंतीवर, वर, एक काळा गोल होता. वाळलेल्या मातीचा, कडेला जरा विरलेला, मध्ये आडव्या वादीच्या चार-पाच बारीक रेघा. भिंतभर दुसरा एकही डाग नव्हता.

"ते काय शे?"

"कोनतं? ते? चेंडूना डाग. मन्हाच."

"कव्हयना?"

"ऐतवारना. पाऊस व्हई गया, चेंडू काया व्हयना, मंग आपुन या आंगे तीनच येळा मारा. दोन त्यानी हातमा धरी लिधा. तिसरा हाऊ."

चांदमल भिंतीजवळ गेला नाही. जिथे रविवारी उभा होता तिथेच उभा राहिला. मग त्याने मान आत ओढून पाहिली. डोळे मात्र उघडे ठेवले. गोल त्याच्या डोक्याच्या वर होता, खरंच वर होता, कानांनी खोटं सांगितलं नव्हतं. पण डोकं काही दोराइतकं उंच नसतं. ही एवढी गोष्ट, जी कोळद्याच्या शेतकऱ्यांनाही कळली असती.

"तू सांगं काबर नही?" त्याने विचारलं. आवाज जरा चढलाच.

"माले कोनी इचारं?" आमशा म्हणाला. "नवलभाऊ म्हने, तू पीसन उना. तव्हय बी त्यानी इचारं नही. नुसतं सांगं."

"खाले गया हाई तुले कयनं व्हतं?"

"मी मारा ना, शेठ. मारनाराले कयस. चढता जाई ऱ्हायंता, आन तठे लागना."

चढता. म्हणजे दोरापाशी याहून खालीच. चांदमल उन्हात उभा होता. दक्षिणेकडून ढग येत होते. एक चांगली सर, आणि भिंत पुन्हा पांढरी. त्याला काही करावं लागणार नव्हतं. सावकाश चालत झुंबरलालकडे जायचं, खोबरं घ्यायचं, कागदावर सही करायची. आमशाही काही बोलणार नव्हता, त्याला कुणी विचारणार नव्हतं. आणि सही केली नाही तर? तर लोक एका गोलावर थांबणार नाहीत. ज्याने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, त्याने आजवर काय काय सांगितलं, ते आठवायला बसतील. वाटण्या निघतील, साक्षी निघतील. घरोघर कापडं उलगडली जातील. वडिलांनी चाळीस वर्षं चार-चार बोटांनी जे भरत आणलं, ते एका दुपारी उसवेल. हे सगळं त्याला इतकं स्पष्ट दिसलं की रविवारी काहीच कसं दिसलं नाही याचं त्याला नवल वाटलं. समोर आमशा सुतळीचं टोक दातांत धरून त्याच्याकडे पाहत होता, घाई नसल्यासारखा. धुळ्याला कचेरीतला कारकून जाणार होता, बूट घालून.

"मिस्त्रीपान फूटपट्टी शे का?" चांदमलने विचारलं.

आमशाने दुमडायची फूटपट्टी आणली आणि आतून तेलाचं रिकामं पिंप गडगडत आणलं. सुतळीला दगड बांधून ओळंबा केला. आधी दोर. आमशा पिंपावर चढला, ठशाच्या बरोबर समोर दोरावर सुतळी धरली, चांदमलने खाली दगड जमिनीला टेकला तिथे गाठ मारली, आणि गाठीपर्यंत सुतळी जमिनीवर पसरून पट्टीने मोजली. मग पुन्हा एकदा मोजली. मग पिंप भिंतीशी नेलं. आमशा पुन्हा चढू लागला. "तू उतर," चांदमल म्हणाला, आणि कॅनव्हासचे बूट काढून स्वतः वर चढला. एका हाताने भिंतीचा आधार घेतला तेव्हा तळहात त्या काळ्या मातीवर पडला. तो त्याने काढला नाही. दुसऱ्या हाताने सुतळीचं टोक ठशाच्या वरच्या कडेला लावलं. खाली आमशाने दगड धरला.

पिंपावर कागद उलगडून, वकीलसाहेबांच्या सुबक ओळींवर आडवी रेघ मारून, त्याने खाली लिहिलं. लिहिताना, सवयीने, तो मोठ्याने म्हणत होता.

"माझे डोळे मिटलेले होते. काय दिसलं, ते मला सांगता येत नाही. आज मोजलेलं येणेप्रमाणे. मोजताना आमशा हजर. दोर, ठशासमोर, जमिनीपासून सात फूट दहा इंच. दोरापासून भिंत, नऊ फूट. ठशाचा वरचा काठ, जमिनीपासून, सहा फूट अकरा इंच."